पांढरा सदरा पांढराच का दिसतो?

आमच्या वस्तीतला एक मुलगा. घरची परिस्थिती बेताची. वडील हमाली करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगा मात्र अभ्यासात हुशार. संध्याकाळी समाजमंदिरात आम्ही अभ्यासिका चालवतो, तिथे तो दोन वर्षे न चुकता येत होता. गणित मी स्वतः घेत असे. पुढे सिग्नलशी संबंध येणाऱ्या एका सरकारी जागेची जाहिरात निघाली. मुलाने अर्ज भरला, लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाला. वस्तीत पेढे वाटले गेले. फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती. पोरगा धट्टाकट्टा, डोळ्याला चष्मासुद्धा नाही, त्यामुळे कुणालाच काळजी नव्हती.

तपासणीहून तो परत आला तो थेट माझ्या दारात. म्हणाला, "काका, त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. यातले आकडे वाच म्हणाले. मला त्यात आकडेच दिसले नाहीत."

मुलाला रंगांधळेपणा होता. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला आपल्यासारखा कळत नव्हता. नोकरी गेली. पण त्याहून वाईट ते घरात सुरू झाले. आजी म्हणाली, पोराला दृष्ट लागली. वडील संतापून बायकोला म्हणाले, "तुझ्या भावालाही पिकलं-कच्चं टमाटं ओळखता येत नाही. तुझ्या माहेरची ही देणगी!" ती बिचारी पदर डोळ्याला लावून बसली.

मला दुसरीच गोष्ट आठवून लाज वाटत होती. हा पोरगा चौथीत असताना त्याने झाडाचा पाला तपकिरी रंगवला म्हणून गुरुजींनी छडी मारली होती. तेव्हा वस्तीतली आम्ही मोठी माणसेही हसलो होतो. पुढे दोन वर्षे मी त्याला गणित शिकवले, पण त्याचे डोळे एकदा तपासून घ्यावेत हे माझ्या डोक्यात आले नाही. तपासणी पाच मिनिटांची होती. ती आधी झाली असती तर त्याने दुसऱ्या जागेसाठी तयारी केली असती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्चाच्या वह्यांपलीकडे माझा शास्त्राशी फार संबंध नाही. पण त्या दिवसानंतर मी वाचनालयात बसलो, एका डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठून शंका विचारल्या आणि जे समजले ते आज घरगुती भाषेत मांडत आहे. वाचकहो, विषय थोडा शास्त्राचा आहे, पण तो आपल्या प्रत्येक घराचा आहे.

रंग नेमका असतो कुठे?

आधी एक साधा प्रश्न. तुमचा पांढरा सदरा सकाळच्या कोवळ्या उन्हात पांढरा दिसतो. दुपारी बारा वाजता पांढरा दिसतो. घरात पिवळ्या बल्बखालीही तो पांढराच, आणि कचेरीत ट्यूबलाइटखालीही पांढराच. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण नवल आहे.

न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाश सोडून दाखवून दिले की पांढऱ्या प्रकाशात सर्व रंगांचे किरण एकत्र असतात. १७०४ साली त्याने यावर ग्रंथही छापला. वस्तूवर प्रकाश पडतो, त्यातले काही किरण वस्तू शोषून घेते आणि उरलेले परत फेकते. ते परत आलेले किरण आपल्या डोळ्यात शिरतात. आता बल्बच्या प्रकाशात लाल-पिवळे किरण भरपूर आणि निळे फार थोडे. दुपारच्या उन्हात निळेही भरपूर. म्हणजे बल्बखालच्या सदऱ्यावरून डोळ्यात येणारा प्रकाश खरोखरच पिवळट असतो. तरीही आपल्याला सदरा पांढरा दिसतो.

पूर्वी रीळ घालायचे कॅमेरे होते, ते आठवा. लग्नाचे फोटो बल्बच्या उजेडात फ्लॅशशिवाय काढले की सगळे पिवळे-तांबूस यायचे. नवरीची पांढरी साडी हळदीत बुडवल्यासारखी. आपण म्हणायचो, फोटोवाल्याने फोटो बिघडवले. खरे तर फिल्मवर जे पडले तेच उमटले होते. लग्नात हजर असलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांनी मात्र हा पिवळेपणा वजा करून टाकला होता. आजच्या मोबाइलला ही वजाबाकी शिकवावी लागली. आपल्या डोळ्यांना ती उपजतच येते.

उजेडाच्या कमी-जास्तीचेही तसेच. दुपारच्या उन्हात पडलेल्या कोळशाच्या तुकड्यावरून डोळ्यात जितका प्रकाश येतो, तितका घरातल्या दिव्याखालच्या कोऱ्या कागदावरूनही येत नाही. तरी कोळसा काळा आणि कागद पांढरा! म्हणजे डोळा आलेल्या प्रकाशाची नुसती मोजदाद करत नाही, तो त्याचा हिशेब करतो. हा हिशेब करणारे कोण, ते आता पाहू.

डोळ्यातले कामगार

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश ओळखणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. काठीसारख्या आकाराच्या त्या दंडपेशी आणि निमुळत्या टोकाच्या त्या शंकुपेशी. एका डोळ्यात दंडपेशी सुमारे ९ ते १२ कोटी आणि शंकुपेशी सुमारे ४५ ते ६० लाख.

दंडपेशी रात्रपाळीच्या कामगार. अगदी मिणमिणत्या उजेडातही त्या काम करतात, पण रंग सांगू शकत नाहीत. म्हणूनच वीज गेलेल्या रात्री खुंटीवरचे लुगडे दिसते, पण ते लाल की हिरवे ते कळत नाही. शंकुपेशी दिवसपाळीच्या. त्यांना चांगला उजेड लागतो आणि रंगाचे सारे काम त्यांच्याकडे.

शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. प्रकाशाच्या लाटेची लांबी नॅनोमीटर या मापाने मोजतात. पहिला प्रकार आखूड लाटांना, म्हणजे ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. दुसरा मध्यम लाटांना, सुमारे ५३० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्याला. तिसरा लांब लाटांना, सुमारे ५६० नॅनोमीटरला. सोयीसाठी यांना निळ्या, हिरव्या आणि लाल शंकुपेशी म्हणतात. पण तिसऱ्या प्रकाराचा सर्वांत जास्त प्रतिसाद प्रत्यक्षात पिवळट-हिरव्या प्रकाशाला असतो. लालकडचे किरणही तो दुसऱ्यापेक्षा जास्त टिपतो, म्हणून त्याला लाल म्हणायचे.

डोळ्यात तीनच प्रकार असावेत हा तर्क थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने १८०१ साली मांडला. तेव्हा या पेशी पारखण्याचे साधन नव्हते. तीन प्रकार प्रत्यक्ष मोजून सिद्ध झाले ते १९६० नंतरच्या काही वर्षांत. आणि या पेशींतली प्रथिने बनवणारी जनुके जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली शोधून काढली.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एकटी शंकुपेशी रंग सांगू शकत नाही. ती फक्त "इतका प्रकाश लागला" एवढेच सांगते. मंद हिरवा प्रकाश आणि भडक लाल प्रकाश तिला एकसारखाच वाटू शकतो. रंग कळतो तो तिघींच्या आकड्यांची तुलना केल्यावर. एकाच माणसाची साक्ष घेऊन निकाल देता येत नाही, तसेच हे आहे.

टक्केवारीचा हिशेब

आता सदऱ्याकडे परत येऊ. मी कारकून माणूस, म्हणून आकड्यांत सांगतो. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत.

समजा दुपारच्या उन्हात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश प्रत्येकी १०० आहे. पांढरा सदरा त्यातला ९० टक्के परत फेकतो. तिन्ही शंकुपेशींना ९०, ९०, ९० मिळाले. तिघींना सारखे, म्हणून पांढरा. आता बल्ब लावला. त्यात लाल १००, हिरवा ७० आणि निळा ३०. सदऱ्यावरून परत आले ९०, ६३ आणि २७. नुसते हे आकडे पाहिले तर सदरा पिवळा-तांबूस ठरायला हवा. पण तिन्ही प्रकार आपापली टक्केवारी काढतात. १०० पैकी ९०, ७० पैकी ६३, ३० पैकी २७. तिन्हींचे उत्तर ९० टक्के! म्हणून सदरा पुन्हा पांढरा.

शाळेत एक पेपर ५० गुणांचा आणि दुसरा २०० गुणांचा असला तर आपण टक्के काढूनच तुलना करतो ना? तसेच हे. ज्या प्रकारच्या पेशींवर प्रकाश जास्त पडतो त्या आपली संवेदना कमी करतात. ज्यांच्यावर कमी पडतो त्या ती वाढवतात. प्रत्येक प्रकार हे आपापले स्वतंत्रपणे करतो. हा नियम फॉन क्रीस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडला आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह तो आजही वापरला जातो.

पण टक्के काढायचे तर पेपर किती गुणांचा हे कळायला हवे. प्रकाश किती आणि कसला आहे हे डोळ्याला कोण सांगणार? ते आजूबाजूच्या वस्तू सांगतात. शंकुपेशींना जोडलेले दुसऱ्या पेशींचे थर दृष्टिपटलातच आहेत. ते शेजारच्या जागांची तुलना करतात, लाल विरुद्ध हिरवा आणि निळा विरुद्ध पिवळा असा फरक काढतात आणि तो फरक मेंदूकडे पाठवतात. दिवा बदलला की सदरा, भिंत, जमीन या सगळ्यांवरचा प्रकाश एकाच प्रमाणात बदलतो. त्यांच्यातले परस्परांचे प्रमाण मात्र जवळजवळ तसेच राहते. डोळा या प्रमाणावर भरवसा ठेवतो.

पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी अनेक रंगांच्या कागदांचे तुकडे जोडून एक मोठा तक्ता केला आणि त्यावर तीन रंगांचे दिवे कमी-जास्त करून हे दाखवले. दिवे असे लावले की हिरव्या तुकड्यावरून डोळ्यात येणारा प्रकाश मोजमापाने दुसऱ्या रंगाच्या तुकड्यासारखा व्हावा. तरी पाहणाऱ्यांना तो तुकडा हिरवाच दिसत राहिला. शेजारचे तुकडे झाकून तो एकटा दाखवला तर मात्र हे जमत नाही. शेजाऱ्यावाचून रंगाचे चालत नाही, असे म्हणा ना.

यापुढचे काम मेंदूचे. मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झाली तर शंकुपेशी ठणठणीत असूनही माणसाला सारे जग करडे दिसू लागते, अशा रुग्णांच्या नोंदी आहेत.

घरच्या घरी करून पाहा

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मुलांना जवळ घ्या आणि तीन गोष्टी करा.

पहिली. लाल भडक कागदाचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवा. त्याच्याकडे अर्धा मिनिट एकटक पाहा आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. भिंतीवर निळसर-हिरवा डाग तरंगताना दिसेल. लाल शंकुपेशींनी आपली संवेदना कमी केली होती, म्हणून पांढऱ्यातला लाल भाग काही क्षण कमी पडला.

दुसरी. पिवळा पारदर्शक जिलेटिन कागद एका डोळ्यासमोर दोन-तीन मिनिटे धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून घरातल्या वस्तू पाहत राहा. मग कागद काढून एकदा हा डोळा, एकदा तो डोळा मिटून पांढऱ्या भिंतीकडे पाहा. एका डोळ्याला भिंत निळसर आणि दुसऱ्याला नेहमीसारखी दिसेल. म्हणजे हिशेबाचा पहिला भाग प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे करतो.

तिसरी तर चालता-चालता होते. दिवेलागणीला, आकाशात अजून थोडा उजेड असताना, रस्त्यावरून पिवळा दिवा लावलेल्या खोलीची खिडकी पाहा. ती केशरी-पिवळी दिसते. आत जाऊन बसा. थोड्याच वेळात पिवळेपणा विरतो आणि पांढरी भिंत पांढरी होते.

पेशी कमी-जास्त, तरी रंग एकच

याहून मोठे आश्चर्य पुढेच आहे. सर्वांच्या डोळ्यांत लाल आणि हिरव्या शंकुपेशी सारख्या प्रमाणात असतील असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. १९९९ साली जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या शंकुपेशींचे फोटो काढून त्यांचे प्रकार ओळखण्यात रुर्डा आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांना यश आले. नंतर केलेल्या मोजणीत असे दिसले की कुणाच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या पेशी जवळपास बरोबरीने असतात, तर कुणाच्या डोळ्यात एका हिरवीमागे सोळा लाल असतात! आणि दोघांचीही रंगदृष्टी निकोप. "ज्यात लालसरपणाही नाही आणि हिरवटपणाही नाही असा शुद्ध पिवळा कोणता?" असे विचारले तर दोघेही जवळजवळ एकाच रंगाकडे बोट दाखवतात. निळ्या शंकुपेशी तर एकूण संख्येच्या ५ ते १० टक्केच असतात आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर त्या नसतातच. तरी निळ्या आकाशात आपल्याला भोक दिसत नाही.

म्हणजे कुठल्या पेशी किती, यावर रंग अवलंबून राहत नाही. भोवतालचे जग रोज पाहून डोळा आणि मेंदू आपला तराजू जुळवून घेतात. हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सोडल्यावर ती म्हणाली, "अरे, ही गोधडी निळी कशी दिसते? भिंतीला नीळ लावलीस का?" मी घाबरलो. डॉक्टर हसले. म्हणाले, वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवते. ते इतके हळूहळू होते की डोळा जुळवून घेतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. आता स्वच्छ भिंग बसले, निळा प्रकाश एकदम आत आला. काही दिवसांत आईची तक्रार बंद झाली. पूर्ण जुळणी व्हायला काही महिने लागतात असे शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी असे काही म्हटले तर त्यांना वेड्यात काढू नका.

हिशेब चुकतो तेव्हा

हा हिशेब पक्का असला तरी बिनचूक नाही. मॅचिंगच्या दुकानात गेलेल्या बायका ब्लाउजपीस हातात घेऊन दाराशी उजेडात का येतात? दुकानाच्या दिव्याखाली साडी आणि ब्लाउजपीस तंतोतंत जुळतात आणि उन्हात आल्यावर एक जांभळट निघतो. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका दिव्याखाली तिन्ही शंकुपेशींना सारखेच आकडे देऊ शकतात. दिवा बदलला की आकडे वेगळे होतात. म्हणून दाराशी येणे हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. दुकानदार कुरकुरला तरी या सवयीला सोडू नका.

रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांखाली लाल स्कूटर तपकिरी-काळी दिसायची, तेही यामुळेच. शुद्ध सोडियमच्या दिव्यात जवळजवळ एकाच रंगाचे पिवळे किरण असतात. जिथे लाल आणि निळे किरण मुळातच नाहीत, तिथे टक्केवारी कशाची काढणार? मटणाच्या किंवा फळांच्या दुकानावर लाल दिवा वा लाल कापड असेल, तर माल उघड्या उजेडात धरून पाहा. डोळ्याला उजेडाचा खरा रंग कळला नाही की तो फसतो.

२०१५ साली स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेला एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला. काहींना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. घराघरांत भांडणे झाली. खरा ड्रेस निळा-काळा होता. फोटोत उजेड कसला आहे हे स्पष्ट नव्हते. ज्याने तो सावलीतला निळसर उजेड मानला, त्याने निळा वजा केला आणि त्याला पांढरा दिसला. ज्याने पिवळा उजेड मानला, त्याला निळा दिसला. दोघांचे डोळे चांगलेच होते, फक्त त्यांनी धरलेला उजेड वेगळा होता. "मी डोळ्यांनी पाहिलं आहे" असे म्हणून भांडायला उठण्याआधी हा ड्रेस आठवावा.

एक पेशी नसली तर?

आता आमच्या मुलाकडे येऊ. लाल-हिरव्याच्या रंगांधळेपणात तीनपैकी एक प्रकारच्या शंकुपेशी नसतात किंवा त्यांचा प्रतिसाद सरकलेला असतो. हा प्रकार जगापुढे स्पष्टपणे मांडला तो जॉन डाल्टन यांनी. अणुसिद्धांतामुळे शाळेच्या पुस्तकात आहेत तेच डाल्टन. विणकराचा हा मुलगा. त्यांच्या लक्षात आले की जिरेनियमचे गुलाबी फूल आपल्याला दिवसा आकाशी दिसते आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. मित्रांना विचारले, तर त्यांना दोन्ही वेळी फुलात फारसा फरक वाटेना. डाल्टन यांच्यासारखाच अनुभव फक्त त्यांच्या भावाला येत होता. १७९४ साली त्यांनी यावर मँचेस्टर येथे निबंध वाचला.

त्यांना वाटे, आपल्या डोळ्यातला द्रव निळा असेल. आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासावेत असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ साली ते वारले. डॉक्टरांनी डोळा उघडून पाहिला, तर द्रव स्वच्छ! म्हणजे डाल्टन यांचा अंदाज चुकला. पण डोळ्याचे अवशेष जपून ठेवले होते. १९९५ साली त्यांतून जनुके तपासली, तेव्हा मध्यम लाटांच्या, म्हणजे हिरव्या शंकुपेशींचे जनुक त्यांच्यात नव्हते असे दिसून आले. आपले मत चुकीचे ठरले तरी चालेल, पण तपासा, असे सांगून गेलेल्या या माणसाला दीडशे वर्षांनी उत्तर मिळाले.

दोष कुणाचाच नाही

लाल आणि हिरव्या शंकुपेशींची जनुके क्ष या गुणसूत्रावर असतात. मुलीला दोन क्ष गुणसूत्रे मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकात उणीव असली तरी दुसरे काम भागवते. मुलाला एकच क्ष मिळते आणि तेही आईकडून. त्यात उणीव असली तर भरपाई करणारे दुसरे नसते. म्हणून हा प्रकार पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का. आपल्याकडच्या पाहण्यांत हे प्रमाण सहसा त्याहून कमी आढळले आहे, पण मोठी शाळा घेतली तर त्यात असे काही मुलगे सापडणारच.

म्हणजे त्या वहिनींनी मुलाला जे गुणसूत्र दिले, ते त्यांना त्यांच्या आईकडून मिळाले होते. मामाला मिळाले तेही तेच. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना काही त्रास नव्हता, त्यांना कळायला मार्गही नव्हता. कोणते गुणसूत्र मुलाकडे जाईल हे कुणी ठरवत नाही, नाणे उडवावे तसे ते घडते. यात पाप नाही, पुण्य नाही, दृष्ट नाही, मागच्या जन्मीचे काही नाही. कारण आहे आणि त्याचे कार्य आहे, एवढेच. मी हे कागदावर काढून त्या मुलाच्या वडिलांना समजावले. ते बराच वेळ गप्प होते. मग बायकोला म्हणाले, "उगाच बोललो तुला." त्या दिवशी मला वाटले, आपण वाचलेले कारणी लागले.

ही तपासणी मुळात कुणाचा पाणउतारा करण्यासाठी आलेली नाही. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर होऊन ९ माणसे मेली. तेव्हा होल्मग्रेन या प्राध्यापकांनी रंगांधळेपणाचा संशय घेतला आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वे कामगारांची तपासणी सुरू केली. तो अपघात खरोखर त्यामुळेच झाला का, यावर पुढे वाद झाले. पण सिग्नल ओळखणाऱ्याची रंगदृष्टी तपासली पाहिजे हे जगाने मान्य केले. आमच्या मुलाला दाखवले ते ठिपक्यांचे पुस्तक जपानी डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली केले.

मात्र जिथे गरज नाही तिथेही दार बंद करणे हा अन्याय आहे, हे आपल्या न्यायालयांनीही म्हटले आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रंगांधळ्या उमेदवारांना सर्व अभ्यासक्रम खुले करायला सांगितले. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याची वाट मोकळी केली.

आपण एवढे करू या

मुलगा पाचवी-सहावीत गेला की एकदा त्याची रंगदृष्टी तपासून घ्या. सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात चौकशी करा. मामा किंवा आईचे वडील रंगांधळे असतील तर विसरू नका. मोबाइलवर ही चित्रे मिळतात, पण पडद्यावरचे रंग भरवशाचे नसतात, खात्री डॉक्टरांकडूनच करावी. रंगदृष्टीची अट असलेल्या नोकरीचा अर्ज भरण्याआधी जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा. जन्मजात रंगांधळेपणावर औषध म्हणून चूर्ण, थेंब किंवा चष्मा विकणाऱ्याच्या नादी लागून पैसे घालवू नका. ज्या चष्म्यांची जाहिरात होते ते काही जणांना रंगांतला फरक ठळक करून दाखवतात, पण नसलेल्या पेशी देत नाहीत. शिक्षकांनी फळ्यावर लाल आणि हिरव्या खडूंनीच फरक दाखवू नये. आणि पाला तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला छडी तर मुळीच मारू नये.

अजून एक. दंडपेशी आणि शंकुपेशी दोघींनाही कामासाठी अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की आधी रात्रीचे दिसेनासे होते, पुढे दृष्टीही जाऊ शकते. रंगांधळेपणा आहारामुळे येत नाही, पण रातांधळेपणा येतो आणि तो टाळता येतो. शेवग्याचा पाला, राजगिरा, चाकवत, मेथी, गाजर, पपई, आंबा, अंडी यांतले हंगामात स्वस्त असेल ते ताटात असू द्या. बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारे अ जीवनसत्त्वाचे डोस अंगणवाडीत वा आरोग्य केंद्रात विनामूल्य असतात. ते चुकवू नका.

आमच्या मुलाने पुढे कारकुनी जागेची परीक्षा दिली. तिथे रंगदृष्टीची अट नव्हती. आज तो नोकरीत आहे आणि रविवारी अभ्यासिकेत गणित शिकवतो. नवीन मुले आली की त्यांच्या वह्या उघडण्याआधी तो त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीची चौकशी करतो. आमच्या हजेरीपटात आता नावापुढे एक रकाना वाढला आहे. तो त्यानेच आखला.